बूस्टर पडेलतात्या

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या तमाम बंधू-भगिनींना, बैलगाडा मालकांना, त्यांच्या बैलांना आणि यात्रेला आलेल्या पाव्हण्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, रॉकेट आकाशात गेल्यावर त्याचे जे भाग मध्येच सुटून खाली पडतात, त्या भागांना काय वाटतं हे पृथ्वीतलावर फक्त एका माणसाला कळलं होतं. तो माणूस शास्त्रज्ञ नव्हता. तो बोरी बुद्रुकचा होता, सातवी पास होता, आणि शोध लागला तेव्हा त्याच्या एका हातात शेव-बुंदीची पुडी होती. सर्वांनी शांतता राखावी. टोपी काढायची आवश्यकता नाही.

त्या माणसाला सगळे पडेलतात्या म्हणत. तात्यांइतकं सुंदर पडणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. तुम्ही-आम्ही पडतो ते अपमान झाल्यासारखे पडतो. कुणी बघितलं का, ते आधी बघतो. तात्या पडत ते एखाद्या गवयाने समेवर यावं तसे. खांदा, पाठ, कूस, दोन लोळण, आणि मग आकाशाकडे तोंड करून शांत. टोपी तेवढी दहा हात लांब. "पडायचं तर मोकळं पडायचं," ते सांगत. "आखडला की मोडला."

हे पडणं कुठलं, ते सांगायला हवं. आमच्याकडे घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीची चढाची धावपट्टी. गाड्यात माणूस बसत नाही. चार बैल जुंपायचे, पुढच्या जोडीला म्हणायचं जुकाट, आणि सुटायच्या आधी जुकाटाचे बैल दोन बाजूंनी दोन माणसांनी धरून ठेवायचे. घाटाचा वास लागलेला बैल धरून ठेवणं म्हणजे काय, ते ज्याने धरलाय त्यालाच माहीत. निशाण पडलं की बैलांबरोबर दहा-बारा पावलं जीव खाऊन पळायचं, त्यांना नाकासमोर सरळ काढून द्यायचं आणि मग बाजूला व्हायचं, कारण मागून आणखी दोन बैल आणि अख्खा गाडा येत असतो. बाकीचे लोक उडी मारून बाजूला होत. तात्या पंधरा पावलं पळत आणि मग पडत. त्या जादा तीन पावलांसाठी गाडामालक त्यांना शिरोलीपासून कळंबपर्यंत बोलावून नेत.

एकदा ते ग्रामपंचायतीला उभे राहिले. तिथेही पडले. लोक समाचाराला गेले तर तात्या अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले. "आपल्याला सवय हाय, राव," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला पाडलं असतं तर त्याला लागलं असतं."

पण त्यांचं सर्वांत गाजलेलं पडणं घाटातलं नव्हे, घरावरचं. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. टीव्हीच्या अँटेनाला तेव्हा बूस्टर नावाची एक डबी लावायची पद्धत होती. ती लावली की मुंग्यांच्या जागी माणसं दिसतात अशी समजूत होती. एका रविवारी तात्या कौलांवर चढून अँटेना फिरवत होते आणि आतून शेवंताकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, ओरडत होत्या, "आलं! गेलं! आलं! गेलं!" एका 'गेलं'ला तात्याच गेले. अँटेनासकट खाली कडब्याच्या गंजीवर. पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "आता बघ, आलं का?" आणि आतून आवाज आला, "आलं! लई झ्याक आलं! तसंच धरा, हलू नका!" पिक्चर संपेपर्यंत तात्या अँटेना छातीवर धरून गंजीत पडून होते. काकूंना वाटलं, ते कौलांवर आहेत.

काकूंना बऱ्याच गोष्टी अशाच वाटत असत, आणि त्याची तजवीज तात्या स्वतः करत.

झालं होतं असं की, एका यात्रेत तात्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. तेव्हा काकूंनी त्यांना ओझरला नेऊन विघ्नहरासमोर उभं केलं. मी साक्षीदार म्हणून बरोबर होतो. काकू म्हणाल्या, "म्हणा, आजपासून गाड्याला हात लावणार न्हाई." तात्यांनी गळ्यात झोळी, डोळ्यांत पाणी अशा थाटात शब्दाला शब्द जोडून शपथ घेतली. काकू प्रदक्षिणेला वळल्याबरोबर मला म्हणाले, "ऐकलं ना? गाड्याला म्हणली. बैलाला न्हाई म्हणली."

हाड जुळलं आणि तात्या पुन्हा बैलांशी जुळले. घरी सांगितलं, आपण आता मंडपात बसून भोंग्यावर पुकारणाऱ्याला नावांच्या चिठ्ठ्या देतो. त्या काळी आमच्याकडच्या बायका घाटात येत नसत, त्यामुळे खोटं सुरक्षित होतं. राहता राहिला सदरा. दर यात्रेला तो फाटून येई. तात्या सांगत, "मंडपाचा खिळा लागला." दोन-तीन वर्षं खिळ्यावर निभावली. मग एकदा नारायणगावच्या बाजारात काकूंनी माझ्यासमोर मंडपवाल्यालाच गाठलं. "आवं, माणसं बसत्यात तिथं! खिळं ठोकून घ्याया तुमचं हात झडलं का? आमच्या ह्यांचा ह्यो पाचवा सदरा!" मंडपवाला मोठा समजूतदार. त्याने क्षणभर विचार केला, माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. "चुकलं, काकू. पुढच्या टायमाला समदं खिळं मोजून घेतो." अशा रीतीने दोन तालुके या कटात सामील होते.

मीही होतो. मी तेव्हा लग्नाचं शूटिंग करायचो आणि नारायणगावात माझं कॅसेट-सीडीचं छोटं दुकान होतं. यात्रांच्या हंगामात घाटाचंही शूटिंग करायचो. प्रत्येक यात्रेनंतर तात्या दुकानात येत, स्टूल ओढून टीव्हीसमोर बसत आणि आपली बारी लावायला सांगत. बारी म्हणजे एका गाड्याची एक धाव. भोंग्यावर "भिर्रर्र" होई, बैल सुटत, आणि माझा कॅमेरा बैलांमागे वर वर जाई.

"थांब. मागं घे," तात्या म्हणत. मी मागे घेई. "आनि थोडं. हां! ते बघ. ते माझं कोपार."

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात खरंच एक कोपर असे. ते पाव सेकंद दिसे आणि धुरळ्यात जाई.

"एवढाच मी?" तात्या विचारत.

"गाडा पळतो तिकडं कॅमेरा न्यावा लागतो, तात्या. मालक गाड्याचं शूटिंग मागतात."

"बरोबर हाय," ते म्हणत, आणि तरी पुन्हा एकदा कोपर बघून जात. बारा वर्षांची कोपरं माझ्या दुकानात जमा होती.

आणि मग ती सीडी आली. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या तबकड्या आहेत, तिथले एक साहेब शाळेतल्या मुलांना दाखवायची सीडी घेऊन कॉप्या काढायला आले. कॉपी नीट निघाली का, हे बघायला मी ती लावली होती. तात्या नेहमीप्रमाणे कोपर बघायला आलेले. हातात शेव-बुंदी.

"काय लावलंय?"

"रॉकेटचं शूटिंग. कॅमेरा बूस्टरवर बसवलाय."

"बुस्टर? अँटेनाचा?"

"तो नव्हे. हे मोठे, नारळाच्या झाडापेक्षा उंच. रॉकेटच्या दोन बाजूंना दोन. जड रॉकेट जागचं हलत नाही ना, त्याला हे सुरुवातीला वर काढून देतात."

"दोन बाजूंना दोन," तात्या म्हणाले. "मंग?"

"मग रॉकेटनं वेग घेतला की सुटतात आणि पडतात."

शेव तोंडाकडे निघाली होती, ती वाटेतच थांबली.

पडद्यावर धूर, आग, थरथराट. जमीन लहान होत गेली, निळं आकाश काळं पडलं. मग दोन्हीकडून एक भपकारा आला आणि रॉकेट पुढे निघून गेलं. एक ठिणगी, मग तीही नाही. कॅमेरा राहिला बूस्टरवर. बूस्टर गरगर फिरू लागला. सूर्य, समुद्र, काळोख. पुन्हा सूर्य, समुद्र, काळोख.

"आरं, ह्यो तर मी हाय!" तात्या ओरडले. शेव-बुंदी माझ्या टेबलभर झाली. "असंच दिसतं! आभाळ, घाट, बैलाचं पाय. आभाळ, घाट, बैलाचं पाय!" मग एकदम थबकून, "गाडा कुठाय?"

"गेला पुढं. हे शूटिंग गाड्याचं नाहीच, तात्या. पडणाऱ्याचंच आहे."

तात्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलो नाही. "आन तू," ते म्हणाले, "बारा वर्सं माझं कोपार दाखवतोस."

बूस्टर पडत असताना त्या पत्र्यातून एक लांबलचक, रडवा आवाज येत होता. "ऐक, ऐक. कण्हतंय," तात्या म्हणाले. "पडताना तोंडातनं निघतंच."

"तुमच्या तोंडातून काय निघतं?"

तात्या उगाचच टोपी नीट करू लागले. "आपलं, देवाचं नाव."

मग छत्र्या उघडल्या, बूस्टर समुद्रात धप्पकन पडला, बुडबुडे आले आणि तो पाण्यावर डोलत उभा राहिला. लांबून एक बोट आली.

"ही कुणाची?"

"त्यांचीच. पडलेले बूस्टर ओढून परत नेतात."

"न्यायला येत्यात?"

"हो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

तात्यांनी स्टूल टीव्हीजवळ ओढलं आणि त्या बोटीकडे बघू लागले. आमच्या घाटात गाडा सुटला की अख्खी यात्रा गाड्यामागे वर पळते. खाली फक्त धुरळा आणि तात्या. आपलं आपण उठायचं, आपली टोपी आपण शोधायची. तात्या म्हणाले, "परत लाव." ती सीडी त्या दिवशी पाच वेळा लागली.

त्यानंतर दोन महिने तात्यांनी दोन्ही तालुक्यांना त्या बोटीने पिडलं. मंचरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत असले की म्हणत, "आमची बोट काय अजून आली न्हाई." घरी काकूंनाही सगळी सीडी साभिनय करून दाखवली; आपल्याला ती का आवडते, तेवढं सोडून. काकू म्हणाल्या, "पडल्यावर बोट! थाट तर बघा मेल्याचा."

पुढची पायरी उघड होती. माझ्याकडे नवा हँडीकॅम होता, तळहाताएवढा. बोरीच्या यात्रेत मी तो तात्यांच्या पोटावर बांधला. कंबरदुखीचा पट्टा, त्यावर उपरणं, त्याला तीन गाठी. "तात्या, कॅमेऱ्यावर पडू नका," मी विनवलं. "बुस्टर कधी कॅमेऱ्यावर पडतो का?" असं म्हणून ते बिजल्या आणि पेजर नावाच्या दोन तुफान बैलांकडे निघाले.

बारी झाली. तात्या पाठीवर पडले, कॅमेरा वाचला. पण या आनंदात लक्षातच आलं नाही की मी ती चूक करून बसलोय, जी फक्त लग्नाचं शूटिंग करणाराच करू शकतो. हँडीकॅममध्ये घाईत घातलेली कॅसेट कोरी नव्हती. तिच्यावर आधी तात्यांच्या पुतणीचा, मनीचा, साखरपुडा होता.

चार दिवसांनी काकूंचा निरोप आला, साखरपुडा बघायचाय. मी कॅमेरा, वायरी, कॅसेट घेऊन गेलो. दुपारची वेळ. आळीतल्या सगळ्या बायका सतरंजीवर, काकू मध्यभागी, तात्या खाटेवर मांडी घालून. मनीच्या तोंडात पेढा गेला, अंगठी झाली, फोटो झाले, पडदा निळा झाला. बायका उठायला लागल्या.

आणि पडद्यावर बैलाचं ढुंगण आलं.

"हे कोण?" मनीच्या आत्याने विचारलं.

तात्यांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. तात्या खाटेवरून वायरीकडे झेपावले.

"हात लावू नका!" काकू म्हणाल्या. हात जिथल्या तिथे राहिला. विघ्नहरासमोर नीट सांगायचं राहिलं होतं, ते काकूंनी या वेळी नीट सांगितलं. "टीव्हीला न्हाई, वायरीला न्हाई, कशालाच न्हाई."

पडद्यावर तात्यांचे दोन्ही हात बैलाच्या वेसणीवर होते. शंकेला जागाच नव्हती. भोंगा झाला, जग हादरायला लागलं, तात्यांचा आवाज आला, "चल माझ्या राजा, चल, चल, सोऽऽड!" मग आभाळ. घाट. बैलाचे खूर. आभाळ. घाट. कुणाचं तरी धोतर. आभाळ. आणि या सगळ्याच्या वर, त्या बूस्टरसारखीच एक लांबलचक, रडवी हाक:

"शेवंतेऽऽऽ! मेलो गंऽऽ!"

घरात टाचणी पडली असती तरी ती मोकळी पडली असती. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा "ही आमची" एवढं म्हणून पळून गेलेला हा माणूस. तेव्हापासून 'अगं ए' याच्यापुढे त्याची मजल गेली नव्हती. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बया, नाव घेतलं की गं तुझं! ते बी गुरांम्होरं!"

काकू लालबुंद. रागाने की कशाने, ते कळायला मार्ग नव्हता. त्या पडद्याकडे बघत मला म्हणाल्या, "परत लावा."

मी परत लावलं. पुन्हा बैल, पुन्हा आभाळ, पुन्हा "शेवंतेऽऽऽ". मग त्या उठून आत गेल्या, आणि आतून भांड्यांचा आवाज सुरू झाला.

पुढे आठ दिवस त्या तात्यांशी बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते म्हशीला सांगत. "विचार तुझ्या मालकाला, भाकरी गिळणार का." मंडपवाल्याची मात्र बाजारात जाऊन माफी मागून आल्या, त्याने पुन्हा हात जोडले. तात्या रोज दुकानात येऊन बसत. कोपर लावायला सांगत नसत. "बोट बुडाली, राव," एक दिवस म्हणाले. "तिनं एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं. आता तिनं नगं म्हणलं तर संपलं. ह्या बारीला बैलाला बी हात लावणार न्हाई." आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. पहिल्यांदाच मी त्यांना आखडलेलं पाहिलं.

पुढची यात्रा कळंबची होती. त्या सकाळी तात्यांनी कडक इस्त्रीचा नवा सदरा काढला. बघे म्हणूनच जायचं होतं. काकूंनी तो हातातून काढून घेतला, पेटीतून एक जुना, सतरा ठिगळांचा सदरा त्यांच्या अंगावर टाकला आणि आठ दिवसांनी पहिलं वाक्य बोलल्या, म्हशीशी नव्हे, त्यांच्याशी.

"ह्यो घाला. मंडपात लई खिळं असत्यात."

तात्या दुकानात आले ते जवळजवळ पळतच.

त्या दिवशीचं शूटिंग माझ्याकडे आहे. कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर असं करत मी ते जपलंय. तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दहाव्याला लोकांनी पुष्कळ फोटो शोधले. सगळ्यांत टोपी किंवा पाठ किंवा कोपर. अख्खे तात्या फक्त या शूटिंगमध्ये आहेत, कारण आयुष्यात पहिल्यांदा मी कॅमेरा गाड्यामागे नेला नाही. गाडामालक माझ्यावर वर्षभर चिडून होता. चिडू दे.

भिर्रर्र होतं. तात्या पळतात, दहा, बारा, पंधरा पावलं, आणि मग खांदा, पाठ, कूस, दोन लोळण. गाडा चौकटीतून निघून जातो. यात्रा ओरडत त्याच्यामागे वर जाते. धुरळा. तात्या आकाशाकडे तोंड करून शांत. पार लांब, बांधावर, कधी नव्हे त्या काही बायका उभ्या आहेत. त्यांतली एक बाई वाकडी-तिकडी उतरत घाटात येते. हातात तांब्या, पदर खोचलेला. वाटेत वाकून टोपी उचलते, गुडघ्यावर झटकते. तात्यांच्या डोक्याशी येऊन उभी राहते. तात्या एक डोळा उघडतात आणि लगेच मिटतात. उठायचं नाव नाही. आणि मग आपल्याकडे कॅमेरा रोखलेला आहे, समोर निशाणवाला आहे, चार परके पुरुष आहेत, याचं कसलंही भान न राहता काकू मोठ्यांदा बोलून जातात,

"उठा की आता, बोट आलीया!"